‘आत्ता नको’: विधवा प्रथाबंदीचा ठराव झालेल्या एका गावातलं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी एक ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. मग गावोगाव ठराव झाले.

हे प्रकरण अशाच एका गावातलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, घराचंही नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, ऊस आणि दूध, भजनी मंडळ जुनं, वारीला दरवर्षी दिंडी जाते. सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं आणि तिथे निवडून आलेल्या बाई स्वतः कारभार बघत होत्या, म्हणजे सही एकीची आणि खुर्ची दुसऱ्याची असा प्रकार नव्हता. मी त्या भागात महिला सभांच्या प्रशिक्षणाचं काम करायचे, त्यामुळे गावात येणंजाणं होतं.

ठराव झाला १५ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत. विषयपत्रिकेवर तो नववा होता. आठवा पाण्याच्या टाकीचा, दहावा स्मशानभूमीच्या शेडचा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती कागदावर झाली, म्हणजे शिपायाने रजिस्टर घरोघर नेऊन सह्या आणल्या. हे मला तेव्हा माहीत होतं आणि मी काही बोलले नाही. चांगला ठराव होतोय, कशाला खोडा घाला, असं वाटलं.

विरोध कुणीच केला नाही. शाहूंच्या वर्षात, झेंडावंदन करून आलेल्या सभेत, कोण उठून सांगणार की आमच्या घरात हे पाळतात आणि आम्हाला ते हवंय? त्या शांततेला आम्ही संमती समजलो.

पेच

जून २०२३ मध्ये गावातल्या एका घरचा कर्ता माणूस हृदयविकाराने गेला. वय ५१. मागे बायको, म्हणजे गाव जिला ‘मोठ्या वहिनी’ म्हणतं ती, २२ वर्षांची मुलगी, साखरपुडा झालेली, बारावीतला मुलगा, आणि सत्तरीतली सासू. सासूबाई स्वतः २९ व्या वर्षी विधवा झालेल्या.

पहाटे प्रेत तालुक्याहून घरी आलं. आठ वाजता तिरडी बांधून झाली आणि बायका आत गेल्या. हे काम गावातल्या जुन्या विधवा करतात. चुलतसासूने वहिनींचा हात मनगटाशी धरला. तेवढ्यात सरपंचबाई आत आल्या, मागे पुतण्या. पुतण्या शहरात शिकलेला, चळवळीत वावरणारा, ठरावाचा सूचक तोच. सरपंचबाई म्हणाल्या, “काकू, ठराव झालाय. कुणी बांगडीला हात लावायचा नाही.” सासूबाई म्हणाल्या, “ठराव तुमच्या पंचायतीत. हे माझं घर हाय.”

बाहेर पुरुषमंडळी खोळंबलेली. आत आवाज चढलेले. आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. त्या दोनच शब्द बोलल्या: “आत्ता नको.”

सरपंचबाईंना त्यात प्रथेला दिलेला नकार ऐकू आला. सासूबाईंना ऐकू आलं की आत्ता नको, तिसऱ्याला करू. पुतण्याच्या कानावर तर क्रांतीच पडली. भजनी मंडळाचे बुवा दारातून म्हणाले, “माती आधी होऊ द्या, बाकीचं मागून बघू,” आणि त्या एका वाक्यावर त्या दिवसाचं निभावलं.

दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आला. नवऱ्याच्या प्रेताशेजारी कुंकू आणि बांगड्यांसह बसलेल्या वहिनी, आणि खाली ओळ: आपल्या गावाने इतिहास घडवला. फोटो पुतण्याने टाकला होता, न विचारता. तासाभरात तो वहिनींच्या माहेरी पोचला, मुलीच्या होणाऱ्या सासरीही पोचला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला माहेरचे भाऊ आले ते रागातच. आम्हाला वाटत होतं, सासरचे दाबणार आणि माहेरचे पाठीशी उभे राहणार. झालं उलटं. थोरला भाऊ म्हणाला, पोरीचं लग्न ठरलंय, असलं काहीतरी करून ते मोडायचंय का? चुलतसासूने जाहीर केलं की बाराव्यापर्यंत रीत झाली नाही तर ती जेवायला थांबणार नाही. इकडे सरपंचबाईंवर वेगळाच दाब. ठरावानंतर हे गावातलं पहिलंच प्रकरण, इथे मागे सरलो तर ठराव कागदावरच राहणार.

म्हणजे बाराव्यापर्यंत नऊ दिवस होते, दोन्ही बाजूंची अब्रू पणाला लागली होती, आणि मधे एक बाई होती जिचं म्हणणं अजून कुणीच पूर्ण ऐकलं नव्हतं.

समोरचे पर्याय

चौथ्या दिवशी संध्याकाळी पंचायतीत आम्ही पाचजण बसलो: सरपंचबाई, ग्रामसेवक, बुवा, पुतण्या आणि मी.

पुतण्याचं म्हणणं सरळ होतं. ठराव आहे, अंमलबजावणी करा. त्याने संविधानाचं कलम ५१ क वाचून दाखवलं, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे नागरिकाचं कर्तव्य. बरोबरच होतं ते. पण मूलभूत कर्तव्य मोडलं म्हणून थेट शिक्षा नसते, आणि ग्रामसभेच्या ठरावाला दंडाची ताकद नव्हती. आणि त्याच संविधानाच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. त्या कलमाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादा आहेत, समाजसुधारणेचे कायदे करण्याची मुभाही शासनाला तिथेच दिली आहे. पण एखाद्या बाईने स्वतःच्या गळ्यात काय ठेवावं हे ग्रामपंचायतीने ठरवावं, असं त्यातून कुठेच निघत नाही. घालायला लावणं आणि काढायला लावणं, दोन्ही सक्तीच.

मग तो म्हणाला, जे घर प्रथा पाळेल त्यांच्या कार्याला गावाने जायचं नाही.

ग्रामसेवकांनी मान डोलावली. मी मात्र चपापले. सुधारणेच्या ठरावाचं शेपूट वाळीत टाकण्यात निघत होतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, २०१६ चा, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जातपंचायतींचा जाच मोडण्यासाठी तो कायदा आला, आणि त्या जाचाविरुद्ध पुतण्या स्वतः बोलत आलेला. मी हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. त्याला मी दोष देत नाही. आपली बाजू न्यायाची आहे याची खात्री असली की हाती येईल ते हत्यार चालेल असं वाटू लागतं, आणि मलाही तसं वाटलेलं आहे.

दुसरा पर्याय ग्रामसेवकांचा: हा घरगुती मामला आहे, त्यांचं त्यांना ठरवू द्या. ऐकायला बरं. पण घराने ठरवायचं म्हणजे घरात ज्याचा आवाज मोठा त्याने ठरवायचं, आणि नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईचा आवाज घरात सगळ्यात लहान असतो. हा पर्याय तटस्थ दिसतो इतकंच.

बुवांनी एक मधला मार्ग सुचवला. चार बांगड्या वेगळ्या आणून अस्थींबरोबर नदीत सोडायच्या. रीत झाली असंही म्हणता येईल आणि बाईच्या हातातलं फुटलंही नाही. हा तोडगा मला तेव्हा शहाणपणाचा वाटला. सरपंचबाईंनी मोडता घातला, “मग पुढच्या वेळी ह्यालाच रीत म्हणतील.” त्यांचं बरोबर होतं.

धर्मशास्त्रात हे आहे का, यावर तासभर गेला. पुतण्या म्हणे नाही, एक जण बाहेरून डोकावून म्हणे आहे. या वळणाचा इतिहास जुना आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार शोधला होता. पुण्यात १८७० मध्ये शंकराचार्यांसमोर पुनर्विवाहावर शास्त्रार्थ झाला आणि सुधारकांच्या बाजूने निकाल लागला नाही. जोतीराव फुल्यांनी शास्त्राची परवानगी मागितलीच नाही. १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी अडलेल्या विधवांसाठी घराचं दार उघडलं. आमचा तासभर मात्र पुण्याच्या वाटेनेच गेला. पाच माणसं ग्रंथांवर वाद घालत होती, आणि जिचा प्रश्न तिचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून.

शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, “वहिनींना कुणी विचारलंय का?”

काय केलं

विचारायचं ठरलं, पण कुणी? सरपंचबाई एका बाजूच्या ठरलेल्या. मी बाहेरची. सुतकाच्या घरात माणसांचा राबता असतो, तिथे ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं तर बाई सगळ्यांना सोपं पडेल तेच बोलणार. अंगणवाडीच्या सेविका स्वतः विधवा, वहिनींच्याच वयाच्या. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो. बोलणं परसात झालं, धुण्याच्या दगडाशी. मी बहुतेक वेळ गप्प होते.

सेविकेने आधी स्वतःचं सांगितलं. ती गावाबाहेर पडली की एसटीत बसून टिकली लावते आणि परत येताना वेशीवर काढते. नऊ वर्षं हे चाललंय. माझी तिची ओळख सहा वर्षांची, आणि मला हे त्या दिवशी कळलं.

मग वहिनी बोलल्या. मंगळसूत्र त्यांचं होतं, ते गेले, ते मी गळ्यात ठेवणार नाही. पण कुणी ओढायचं नाही, मी माझ्या हाताने काढणार. कुंकू लग्नाआधीपासून लावते, आईने लावायला शिकवलं, ते कशाला पुसू? हिरवा चुडा नको, हात उघडेही नकोत. थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही सगळी बांगड्यांचंच धरून बसलाय. माझ्या पोरीला पहिली हळद कोण लावणार ते सांगा.”

आमच्या ठरावात हळदीचा उल्लेखच नव्हता. अंगावरच्या चार वस्तूंची यादी करून आम्ही मोकळे झालो होतो. बाईला जे बोचतं ते पुढे कित्येक वर्षं बोचत राहतं: कुणाची ओटी भरायची नाही, डोहाळजेवणात मागे बसायचं, मुलीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभं राहायचं. लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं होतं, म्हणजे तो दिवस लांब नव्हता.

आणखी एक गोष्ट मला पचायला जड गेली. मंगळसूत्र काढणं ही वहिनींची स्वतःची श्रद्धा होती. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे त्यांच्या मनावर झालेले संस्कार बोलतायत, त्या नाही. असेलही. पण मग त्याच्या मनावरचं काय? त्याच्या बोलण्यामागेही कुणीतरी शिकवलेलंच होतं. माणसाच्या सगळ्या निष्ठा कुठून तरी आलेल्याच असतात, आणि कुठून आल्या हे सापडलं म्हणून त्या त्याच्या नाहीत असं म्हणता येत नाही.

आठव्या दिवशी मी सासूबाईंकडे गेले. खरं तर पहिल्या दिवशीच जायला हवं होतं. मी त्यांना विरोधी पक्ष धरून बसले होते. त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ होती, एकेचाळीस वर्षांपूर्वी दगडावर आपटून बांगड्या फोडल्या तेव्हाची. म्हणाल्या, “माझ्या येळंला कुणी ठराव केला न्हाई.” मला वाटलं, त्या सुनेवर सूड घेतायत. पण पुढचं बोलणं ऐकलं आणि तो समज गेला. घरातला एक गेला. रीत मोडली आणि नातवाला काही झालं तर? त्यांना नातवाची भीती होती. ‘असं काही होत नसतं’ हे मी म्हणू शकत होते, म्हटलंही. त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही. जिचा नवरा तिशीच्या आत गेला आणि मुलगा पन्नाशीत गेला, तिला काय होतं आणि काय होत नाही हे मी शिकवणार?

बुवांचं वेगळंच. गळ्यात तुळशीची माळ, माणूस सरळ. त्यांनी सांगितलं की बांगड्या फोडण्याचा प्रकार त्यांना कधीच पटला नाही. तीस वर्षं कुठल्याही मयताला तो क्षण आला की ते उठून बाहेर जातात. “मी माझ्यापुरतं पाळतो,” असं ते म्हणाले. मी विचारलं, बाहेर गेल्यावर आत काय होतं ते ऐकू येत असेल ना? त्यांनी उत्तर दिलं नाही. बाराव्याच्या कीर्तनात या विषयावर बोला असा मी आग्रह धरला तेव्हा मात्र ते ठाम नाही म्हणाले. कीर्तनात बोललो तर लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन तेच करतील. त्यापेक्षा मी सोप्यात बसतो. त्या दिवशी ते सकाळपासून सोप्यात बसून राहिले आणि भावकीतल्या जाणत्यांना एकेकाला एवढंच सांगत होते की आत कुणी जायचं नाही, पोरीला तिचं करू द्या.

सेविकेने एक सावधगिरी सांगितली होती: आज बोलल्या तेच बाराव्याला बोलतील असं धरू नका, पुन्हा विचारा. दहाव्या दिवशी ती परत गेली. वहिनी म्हणाल्या, कुंकू नको, साधी टिकली पुरे. पुतण्या संतापला, घरच्यांनी दाबलं म्हणाला. मुलीच्या सासरहून फोन आला होता हे आम्हाला माहीत होतं. आपणहून बदललं की दबावाने, हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आम्ही त्यांच्या शब्दाप्रमाणे जायचं ठरवलं. दुसरं काही केलं असतं तर पुन्हा आम्हीच ठरवणारे झालो असतो.

बाराव्याच्या रात्री देवघरात वहिनींनी मंगळसूत्र स्वतः काढलं आणि डबीत ठेवलं. जवळ मुलगी होती. काचेचा चुडा उतरवला, एकेक बांगडी, फोडली नाही. हातात दोन पाटल्या ठेवल्या. चुलतसासू न जेवता गेली.

दुसरा ठराव

सप्टेंबरच्या अखेरीस महिला सभा घेतली, यावेळी खरी. ६१ बायका आल्या आणि साडेतीन तास बसल्या. सुरुवात बांगड्यांनी झाली आणि विषय अर्ध्या तासात भलतीकडे गेला. एक म्हातारी म्हणाली, “बांगड्या ऱ्हाऊ देत न्हाईतर फुटू देत, सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते बोला.”

मग एकेक निघालं. कुणाचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला आणि वारस नोंदच नाही. कुणाची जमीन दिराच्या नावावर ‘एकुम्या’ म्हणून, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून. कुणी बहिणीसारखी आहे म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतलेला. निराधार योजनेचा अर्ज कुठे अडलाय. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते हे सभेतल्या चौघींना माहीत होतं. मला १८५६ च्या कायद्याचं दुसरं कलम आठवलं. त्यात पुनर्विवाहाला मान्यता मिळाली खरी, पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. सुधारणेच्या कागदात बाईच्या हाती एक देताना दुसरं काढून घेण्याची सवय जुनीच.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिला ठराव बदलला. ‘प्रथा बंद करण्यात येत आहेत’ हे वाक्य काढलं. त्याजागी आलं: पतीच्या निधनानंतर सौभाग्यचिन्हं काढण्याची किंवा ठेवण्याची सक्ती कुणीही स्त्रीवर करणार नाही, ते ती ठरवेल, तिला हव्या त्या वेळी. पुढे जोडलं की गावाच्या कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमात, हळदीकुंकू, ओटी, दीपप्रज्वलन, ध्वजवंदन यांत विधवा म्हणून कुणाला वगळायचं नाही. मयत झाल्यापासून तीन महिन्यांत वारस नोंदीचा अर्ज जाईल हे ग्रामसेवक पाहतील. आणि सेविकेने सुचवलेली गोष्ट: मयताच्या घरी महिला सभेने नेमलेल्या दोघी पहिल्या दिवशी जातील आणि बाराव्यापर्यंत रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसतील. काही समजावायचं नाही, फक्त बसायचं. सक्तीला मनाई लिहिणं सोपं आहे, बंद खोलीत सक्ती झाली की नाही हे कळायला कुणीतरी तिथे असावं लागतं.

पुतण्याने या ठरावाच्या विरोधात हात वर केला. मवाळ आहे म्हणाला. ग्रामसभेत खुला विरोध झालेला त्या वर्षातला तो पहिलाच ठराव असावा, आणि मला त्याचं बरं वाटलं.

निष्पत्ती

लग्न फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. मुलाकडच्यांनी स्पष्ट कळवलं होतं की मांडवात हळद सुवासिनीच लावतील. लग्न मोडेल इतकं ताणायचं नाही असं मुलगी आणि वहिनी या दोघींनी मिळून ठरवलं. आदल्या रात्री घरात, दारं लावून, मुलीला पहिली हळद आईने लावली. दुसऱ्या दिवशी मांडवात वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या आणि कन्यादान धाकट्या दीर-जावेने केलं. सरपंचबाईंना हे हरणं वाटलं. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, हळद माझ्या हातची लागली, दिवसा लागली की रात्री, तिला काय कळतंय.

रात्रीच्या हळदीला वहिनींनी सासूबाईंनाही बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत. उंबऱ्यापलीकडे उभ्या राहून बघत होत्या, असं मुलीने सांगितलं.

वारस नोंद मुदतीत झाली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृताची आईही पहिल्या वर्गातली वारस असते, त्यामुळे बायको, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर सासूबाईंचं नावही सातबाऱ्यावर आलं. त्यांचा नवरा गेला तेव्हा दिराचं नाव एकुम्या म्हणून लागलं होतं, यांचं कुठेच नाही. उतारा आला त्या दिवशी त्यांनी तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला.

त्यानंतर वर्षभरात गावात आणखी तीन विवाहित पुरुष गेले. एका घरी दोघी पहिल्या दिवसापासून बसल्या आणि काही झालं नाही. दुसऱ्या घरी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि रात्री व्हायचं ते झालं. तिसऱ्या घरची बाई स्वतः म्हणाली, सगळं काढा, मला काही नको, आणि सोबतीच्या दोघींना तिने तसं तोंडावर सांगितलं.

पुन्हा वेळ आली तर

फोटो ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक होती. तो पडला नसता तर माहेर आणि होणारं सासर यांना पहिल्याच दिवशी बाजू घ्यावी लागली नसती, आणि वहिनींचं कुंकू कदाचित कुंकूच राहिलं असतं. एका साप्ताहिकाचा फोन आला तेव्हा सरपंचबाईंनी बातमी द्यायला नकार दिला हे बरं झालं, पण तोवर उशीर झाला होता. पुतण्याने सहा महिन्यांनी वहिनींकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, फोटोबद्दल काही बोलल्या नाहीत.

खोट्या महिला सभेची सही मी चालवून घेतली, ती माझी चूक. ती सभा २०२२ मध्येच खरी झाली असती तर हळद आणि सातबारा तेव्हाच पुढे आले असते, आणि कुणाच्या तिरडीशेजारी उभं राहून ठरावाचा अर्थ लावायची वेळ आली नसती. सासूबाईंकडे आठव्या दिवशी जाणं, हीसुद्धा. मुलीच्या सासरच्यांशी तर कुणी बोललंच नाही; आपल्या गावाचा ठराव आपल्या वेशीपाशी संपतो आणि सोयरीक वेशीबाहेर होते, हे डोक्यात यायला हवं होतं.

दारातून परत पाठवलेल्या त्या दुसऱ्या घराचं काय करायला हवं होतं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. सरपंचबाईंच्या मते पोलिसपाटलांना बोलवायचं. सेविका म्हणते, दुसऱ्या दिवशी परत जायचं, तिसऱ्या दिवशी परत जायचं. ती गेलीही. सातव्या दिवशी तिला आत घेतलं.

मध्यंतरी वरून एक तक्ता आला. गाव, ठरावाचा दिनांक, ठरावानंतर झालेले मृत्यू, आणि शेवटचा रकाना: प्रथा बंद झाली का, होय किंवा नाही. चार ओळी भरायच्या होत्या. ग्रामसेवकांनी मला विचारलं, मोठ्या वहिनींच्या ओळीत काय लिहू? त्यांनी पेन्सिलीने ‘होय’ लिहून ठेवलंय. शाई अजून फिरवलेली नाही.